ताप दाबून मुलांना शाळेत पाठवणं आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस

टेकडीवरची
लेक दुसरीत आहे, पुण्यात. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ऑगस्टपर्यंत तिची तीन आजारपणं झाली. तिसऱ्याचा उगम सापडला. बाकावरच्या मुलाला सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉल पाजून व्हॅनमध्ये बसवलं होतं. औषधाचा असर चार-सहा तास. साडेदहाला डबा खाता खाता पोराला हुडहुडी भरली. बाईंनी आईला फोन लावला, ती पोचली बाराला. तोवर आमच्या बाईसाहेब त्याच्याच बाटलीतून पाणी पिऊन मोकळ्या. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे १०२.

त्या आईवर चिडले नाही. (चिडले, मग निवळले.) राग आहे तो हजेरीच्या प्रमाणपत्रावर. स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलावून देतात. आजारी न पडणं हा सात वर्षांच्या पोराचा पराक्रम कसा काय? २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात होते, अख्खं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. निदान या शहरात तरी हे बक्षीस नको. माझं म्हणणं एवढंच: औषध न देता २४ तास ताप नसेल तरच शाळा, आणि हजेरीचं बक्षीस बंद.

दोन_शिफ्टवाली
सिरप पाजून पाठवणारी आई मी आहे. म्हणजे तुमच्या वर्गातली नव्हे, पण तीच. कंपनीत कंत्राटी आहे, खाडा झाला की पैसे कापतात. जूनपासून पाच खाडे झाले. सहाव्याला सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आता घरीच बसा की." सासूबाई गावी. पाळणाघरवाल्या मावशी पोर नुसतं शिंकलं तरी दारातून परत लावतात. प्रमाणपत्राशी मला काय करायचंय? तुमचा २४ तासांचा नियम माझ्या पगारातून जातो, तेवढं नियमाखाली लिहा.

लाल_माती
आम्ही पागोळ्यांखाली उभे राहून भिजायचो. नाक पुसून पुसून बाही पापडासारखी कडक व्हायची. आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी शेकून छातीला लावायची, वर गवती चहा-आल्याचा काढा. आटोपलं! आता पोर शिंकलं की पालकांच्या ग्रुपवर नोटीस. सगळ्यापासून जपलंत तर प्रतिकारशक्ती येणार कुठून?

स्टेथोवाला
बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

टेकडीवरची, तापाचा नियम बरोबर. पण सर्दी आणि फ्लू एका पोत्यात भरू नका. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच, नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत. एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. नाक वाहतंय म्हणून घरी ठेवायचं तर वर्षातले दोन महिने गेले. ताप नाही, खातंय, खेळतंय? रुमाल द्या आणि पाठवा. फ्लूमध्ये ताप एकदम चढतो, अंग ठणकतं, पोर गळून पडतं. तो लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरतो, त्यामुळे घरी ठेवून सगळंच थांबेल असं नाही. मात्र पहिले तीन-चार दिवस तो सगळ्यात जास्त पसरतो, ते दिवस घरी काढावेच.

लाल माती काका, पुरचुंडीला माझी ना नाही. आधी स्वतःच्या गालाला लावून बघा म्हणजे झालं. वाफाऱ्याला मात्र ना आहे. उकळत्या पातेल्यावर वाकवलेली आणि भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. भिजल्याने विषाणू येत नाही, पण पावसात सगळे एका बंद खोलीत कोंबले जातात, तिथे तो मिळतो. आणि प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर ती सर्दीतून मिळत असेल, फ्लूचा न्यूमोनिया अंगावर काढून मिळवायची वस्तू नव्हे.

अजून एक. घरातलं जुनं कफ सिरप चमचाभर पाजू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यातली बरीच उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. भेसळ नसली तरी दोन वर्षांखाली ही सिरपं देऊच नयेत, पाचाखालीही सहसा नाहीत, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानेच त्या वेळी बजावलंय. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही, हे रोज सांगतो आणि रोज कुणीतरी नाराज होऊन उठतं.

लस घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, हिवाळ्यात पुन्हा डोकं काढतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्या म्हणते, पुढे दम्यासारखं काही असेल तर.

हिशेबनीस
दोन वर्षं टोचली. नाक वाहायचं ते वाहतंच. सरकारी लसीकरणात ही नाही, म्हणजे दरवर्षी खिशातून. विम्याचा हप्ता तरी बरा, निदान पावती कपाटात राहते.

स्टेथोवाला
लस फ्लूची आहे हो, सर्दीची नाही! फ्लूसुद्धा ती पूर्ण अडवत नाही. अ‍ॅडमिट करायची वेळ कमी येते, त्यासाठी आहे. पैशाचं म्हणणं मान्य.

टेकडीवरची
@दोन_शिफ्टवाली, ताई, तुमचं वाचून पहिला परिच्छेद पुसावासा वाटला. नियमावर मी ठाम आहे, पण तो एकट्या आईच्या गळ्यात घालून चालणार नाही. शाळेत एक खोली, एक खाट आणि एक मावशी ठेवायला काय हरकत आहे? वर्षाला पाऊण लाख फी भरतो आम्ही.

खडू_फळा
तुमच्याकडे खोलीची मागणी करता येते. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, लातूरकडे. ४१ पोरं, दोन खोल्या. झड आत येते म्हणून खिडक्या लावलेल्या, ओली दप्तरं भिंतीला, आणि एकाला झालं की आठवड्यात अर्धा वर्ग खोकतोय. यंदा खिडक्यांना बाहेरून पत्र्याची झाप मारून घेतली, आता पावसातही वरची झडप उघडी राहते. तापलेलं पोर शाळेत का येतं? आईबाप सोयाबीनच्या खुरपणीला गेलेत आणि दुपारी शाळेत खिचडी आहे. त्याला घरी पाठवायचं म्हणजे कुलपाकडे पाठवायचं. मग व्हरांड्यात सतरंजी टाकतो, खिचडी तिथेच देतो.

हात धुण्याचं म्हणाल तर साबणाची वडी दुसऱ्या दिवशी गायब. शेवटी कांद्याच्या जाळीत बांधून नळाला टांगली. जाळीसकट चोळायची, फेस छान होतो. दोन महिने झाले, अजून आहे.

लाल_माती
जाळीची कल्पना आवडली. बाकी काही पटलं नाही.

दोन_शिफ्टवाली
गुरुजी, हजेरीच्या बक्षिसाचं तुमच्याकडे काय करता?

खडू_फळा
बंद नाही केलं. पोरांना लई हौस. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी तापाचं कळवलं तर तो खाडा धरत नाही.

हिशेबनीस
मग सगळ्यांनाच ताप येत असेल.

खडू_फळा
येतो की. घटक चाचणीच्या दिवशी हमखास. कपाळाला हात लावून बघतो, गार असतं.