मदत हवी आहे: पावसाळा लागला आणि कार्ल फिशरचं पाणी वाढलं

सोनचाफा

नमस्कार मंडळी. लोटे एमआयडीसीत एका बल्क ड्रग कंपनीच्या क्यूसीत (तपासणी लॅबमध्ये) लागून आठ महिने झाले. चिपळूणहून कंपनीच्या बसने जाते-येते. बीएस्सीला कार्ल फिशर (केएफ, पदार्थातलं पाणी मोजायचं टायट्रेशन) पुस्तकात अर्धं पान होतं, यंत्र कधी पाहिलं नव्हतं. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

प्रॉडक्टचं नाव लिहीत नाही. पाणी 0.5 टक्क्यांच्या वर चालत नाही. एप्रिल-मेमध्ये बॅचेस 0.25 ते 0.30 यायच्या. मृग लागल्यापासून आकडा चढतोय आणि गेल्या आठवड्यात एक बॅच थेट 0.52 आली. ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेर. त्याच बॅचचं एलओडी (105 अंशांना तीन तास तापवून घटलेलं वजन) मात्र 0.24. माझी समजूत अशी की एलओडीत पाणी, सॉल्व्हेंट, जे काही उडतं ते सगळं येतं, म्हणजे तो आकडा मोठा हवा. इथे उलट कसं?

मेमधल्या एका बॅचचं उरलेलं सॅम्पल डेसिकेटरमध्ये होतं, ते सहज लावून बघितलं. तेव्हा 0.28 होतं, आता 0.54.

सॅम्पल 100 मिलिग्रॅम घेतो, बटर पेपरवर वजन करून. बॅलन्स दाराजवळ आहे. लाईट गेली की जनरेटर प्लांटला मिळतो, लॅबचा एसी बंद. एक सीनियर म्हणतात, परत लाव, पास होईपर्यंत लाव. दुसरे म्हणतात, आषाढात घरातल्या मिठाला पाणी सुटतं, त्यात नवल काय. दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

खाडीकाठचा

आदी ड्रिफ्ट किती आसा तां सांग.

सोनचाफा

स्क्रीनवर 55-60 दिसतो. एक रन चार-साडेचार मिनिटं चालतो. तो आकडा बघायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

खाडीकाठचा

मग हिशेब कर बाये. ड्रिफ्ट म्हणजे भांड्यात बाहेरून दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम पाणी शिरतंय ते. 58 गुणिले साडेचार म्हणजे 261 मायक्रोग्रॅम, 0.26 मिलिग्रॅम. 100 मिलिग्रॅम सॅम्पलवर ते 0.26 टक्के झालं. तुझ्या 0.52 मधून वजा कर आणि एलओडीशेजारी ठेव. ड्रिफ्ट करेक्शन (यंत्राने ते आपोआप वजा करणं) बंद असणार.

केएफ एलओडीपेक्षा जास्त येण्याची खरी कारणंही असतात. स्फटिकात घट्ट बसलेलं पाणी 105 ला सुटत नाही, पण मिथेनॉलमध्ये पदार्थ विरघळला की केएफला सापडतं. पदार्थात कीटोन किंवा अल्डिहाइड असेल तर तो मिथेनॉलशी अभिक्रिया करून नवीनच पाणी तयार करतो. पण ही कारणं मेमध्येही होतीच की. रेणू ऋतू बघून वागत नाही.

दुसरं, सॅम्पल फार कमी घेता. 100 मिलिग्रॅममध्ये 0.3 टक्के म्हणजे 0.3 मिलिग्रॅम पाणी. टायट्रंटचा (पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या द्रावणाचा) फॅक्टर 5 असेल, म्हणजे मिलीलिटरला 5 मिलिग्रॅम पाणी, तर ब्युरेट 0.06 मिलीलिटर हलणार. त्यात काय मोजणार? ग्रॅमभर घ्या, फॅक्टर 2 चा टायट्रंट वापरा, नाहीतर कूलोमेट्रिक (विजेवरून पाणी मोजणारं यंत्र). अर्थात हे मनाने बदलायचं नाही, चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) टाकूनच.

निवृत्त क्यूए

ताई, तुमच्या पोस्टमधला ‘सहज’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. सहज लावलेला रन यंत्राच्या मेमरीत आहे, वहीत नाही. ऑडिटर आधी तिथेच बोट ठेवतो. आजच सुपरवायझरला सांगून त्याची नोंद करून घ्या. बोलणी बसतील, बसू देत.

‘पास होईपर्यंत लाव’ यावर अमेरिकेत 1993 साली बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात निकाल झालेला आहे. आधी लॅबची चौकशी: यंत्र, वजन, रीएजंट, गणित. चूक पुराव्यानिशी सापडली तरच पहिला आकडा रद्द. नापास आणि पास यांची सरासरी काढून पास दाखवणं तर नाहीच.

आणि तुमचा ॲसे (मूळ औषधाचं टक्केवारी प्रमाण) अनहायड्रस बेसिसवर, म्हणजे पाणी वजा धरून, असेल तर अजून एक गंमत आहे. मी अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटवर होतो, त्यात सूत्राप्रमाणेच 12.9 टक्के पाणी. समजा जसाच्या तसा ॲसे 86.2 आणि पाणी 13.0, तर 86.2 भागिले 87.0, म्हणजे 99.1 टक्के. पाणी चुकून 14.2 मोजलं तर तोच ॲसे 100.5 होतो. पाण्यातली चूक ॲसे फुगवते, आणि फुगलेल्या आकड्यावर कुणी तक्रार करत नाही.

सोनचाफा

नोंद केली. बोलणी बसली.

ड्राइंग ट्यूबमधला (भांड्यात जाणारी हवा सुकवणाऱ्या नळीतला) मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे ओल शोषणारे दाणे, आम्ही एलओडीच्या ओव्हनमध्ये 105 ला भाजून परत भरतो. ते चालतं ना?

खाडीकाठचा

सिलिका जेलला चालतं, निळी झाली की कळतं तरी. सीव्हला 250-300 अंश लागतात. 105 ला फक्त गरम होतो. सेप्टमही (भांड्याचं रबरी बूच) बघ, सुयांनी चाळण झाली असेल. आणि फ्रीजमधली स्टँडर्डची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नको. आपल्याकडच्या हवेत थंड बाटलीवर दोन मिनिटांत दव धरतं, आतही धरतं.

सोनचाफा

चौकशी सुरू झाली. सेप्टम खरंच चाळण होता. तो बदलला, नवीन सीव्ह भरला, ड्रिफ्ट 12 वर आला. डायसोडियम टार्ट्रेट (पाणी ठाऊक असलेलं स्टँडर्ड) लावलं: 15.64 टक्के (असायला हवं 15.66). मग क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) लेखी परवानगीने ओओएस बॅचचं मूळ सॅम्पल, बंद बाटलीतून, वजन फरकाने घेऊन: 0.27, 0.26, 0.28.

पण ऑडिट ट्रेलमध्ये (यंत्रातल्या बदलांच्या आपोआप नोंदीत) वेगळंच निघालं. रन सुरू व्हायची ड्रिफ्टची मर्यादा 20 होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र तयारच होईना, म्हणून कुणीतरी ती 60 करून ठेवली. लॉगिन सगळ्यांचं एकच आहे. आता फॉर्ममध्ये मूळ कारणाच्या रकान्यात ‘पावसाळी आर्द्रता’ लिही म्हणतात. लिहू का?

निवृत्त क्यूए

नका लिहू. कोकणात आर्द्रता दरवर्षी असते, मग दरवर्षी ओओएस यायला हवं. सीव्ह, सेप्टम आणि बदललेली मर्यादा, तिन्ही तारखांसह लिहा. ट्रेलची प्रिंट जोडा. सामायिक लॉगिनचा मुद्दा वेगळ्या डेव्हिएशनमध्ये (नियम मोडल्याच्या नोंदीत) घाला, आणि 60 वर लावलेल्या जूनपासूनच्या सगळ्या बॅचेसची यादी मागवा. त्यांचे ॲसेही परत बघावे लागतील.

सोनचाफा

यादी काढली. एकोणीस आहेत.