अमेरिकेतील राज्याचा आमदार: पगार, काम आणि पुढची वाट

धंतोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात तौलनिक शासनपद्धतीच्या तासाला मी स्वाती दांडेकर यांचे उदाहरण दिले. दांडेकर मूळच्या आमच्या नागपूरच्या आणि नागपूर विद्यापीठाच्या पदवीधर. १९७३ साली त्या आयोवा राज्यातील मॅरियन या गावी गेल्या, १९९६ पासून तेथील शाळा मंडळावर निवडून येत राहिल्या, २००२ साली राज्याच्या कनिष्ठ सभागृहात आणि २००८ साली वरिष्ठ सभागृहात गेल्या. अमेरिकेतील राज्य विधिमंडळात पोचलेल्या त्या भारतात जन्मलेल्या पहिल्या महिला, असेही मी सांगितले.

त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, जवळजवळ नऊ वर्षे आमदार होत्या, मग मंत्री का झाल्या नाहीत?" मी उत्तर दिले, पण ते पुस्तकी होते आणि माझे मलाच पुरेसे वाटले नाही. तिकडच्या राज्याच्या आमदाराची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, तो पोट कशावर भरतो आणि त्याची महत्त्वाकांक्षा कोणत्या दिशेने जाते, हे तेथे राहणाऱ्या किंवा या विषयाचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांनी सांगितले, तर मला ते वर्गात नेता येईल.

मक्याच्या_देशात यांचे उत्तर

मॅडम, मी सीडर रॅपिड्सजवळ बावीस वर्षे राहतो. मॅरियन आमच्या शेजारचेच गाव. आपल्या विद्यार्थ्याने नेमके मुळावर बोट ठेवले आहे.

आधी एक दुरुस्ती. "पहिल्या महिला" हे विधान सर्रास केले जाते, पण ते बरोबर नाही. मद्रासमध्ये जन्मलेल्या निमी मॅककॉनिग्ली १९९४ साली वायोमिंगच्या कनिष्ठ सभागृहावर रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आल्या होत्या. दांडेकरांचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. २००२ च्या प्रचारात त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने एका ई-मेलमध्ये असा प्रश्न केला होता की, भारतात जातिव्यवस्थेत वाढलेली बाई आयोवाचे कायदे कसे करणार. ही गोष्ट देशभर गाजली. त्याला मॅरियनच्या मतदारांनी मतपेटीतून उत्तर दिले, आणि मला वाटते, शाळा मंडळाच्या बैठकांना सहा वर्षे त्यांना पाहिलेल्या पालकांना तो प्रश्नच निरर्थक वाटला असावा.

आता मंत्रिपदाविषयी. राज्याचा गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो जनतेतून थेट निवडून येतो, आणि बहुतेक खात्यांचे प्रमुख तोच निवडतो. आमदाराला असे पद घ्यायचे असेल तर आमदारकी सोडावी लागते. म्हणजे ज्या आशेवर आपल्याकडचा आमदार पाच वर्षे श्रेष्ठींच्या दाराकडे डोळे लावून बसतो, ती आशाच येथे नाही. आमदार निधी नाही. पक्षांतरबंदी कायदा नाही, त्यामुळे पक्षाच्या विरोधात मत दिले म्हणून सदस्यत्व जात नाही. तिकीटही पक्षाध्यक्षाच्या खिशात नसते, ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी केलेल्या निवडणुकीत मिळवावे लागते. एवढे सगळे वजा केल्यावर हाती उरतात ते दोनच: समितीतले काम आणि मतदारसंघ.

पगाराचे म्हणाल तर आयोवात तो वर्षाला २५,००० डॉलर आहे, शिवाय अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता. एवढ्यावर येथे कुटुंब चालत नाही. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते आणि साधारण एप्रिलअखेर उठते. त्यामुळे कनिष्ठ सभागृहाच्या १०० आणि वरिष्ठ सभागृहाच्या ५० सदस्यांत शेतकरी, वकील, निवृत्त शिक्षक, विम्याचे एजंट अशी माणसे दिसतात, ज्यांना वर्षाचे पहिले चार महिने स्वतःच्या धंद्यातून अंग काढून घेणे जमते. ज्याला ते जमत नाही, त्या नोकरदाराला ही वाट जवळजवळ बंदच असते, आणि या व्यवस्थेतील हा मोठा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या शाळेच्या निधीचा प्रश्न होता, तेव्हा आम्ही सात-आठ पालक फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्फातून गाडी हाकत आयोवाची राजधानी डे मॉइनला, विधिमंडळाच्या सोनेरी घुमटाच्या इमारतीत गेलो. आमच्या प्रतिनिधीचे दालन कोठे आहे, असे मी दारावर विचारले, तेव्हा कळले की साध्या सदस्याला दालन नसतेच. सभागृहातले बाक हेच त्यांचे कार्यालय, आणि शेजारच्या खुर्चीवर बसणारा एक लिपिक हाच सगळा कर्मचारीवर्ग. आम्ही एका कागदावर नाव आणि काम लिहून ती चिठ्ठी आत पाठवली. शाळकरी वयाचा एक मुलगा ती घेऊन गेला, आणि पाच मिनिटांत आमच्या प्रतिनिधी बाई स्वतः बाहेर आल्या. जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्यानेच त्यांनी आमचे ऐकले, कोणत्या इयत्तेचा कोणता शिक्षक कमी झाला ते एका पाकिटाच्या मागे लिहून घेतले, आणि म्हणाल्या, "फनेल शुक्रवारी आहे, त्याआधी समितीत आणायला हवे." फनेल म्हणजे गाळणीची तारीख: तोपर्यंत समितीतून बाहेर न पडलेली बहुतेक विधेयके त्या वर्षापुरती बाद होतात. तेवढ्यात मतदानाची घंटा झाली आणि त्या अक्षरशः धावत आत गेल्या. आमचे विधेयक त्या वर्षी गाळणीत अडकले, पुढच्या वर्षी अर्धेमुर्धे बाहेर आले. पण त्या पाकिटावर लिहिलेले शिक्षकाचे नाव त्यांनी समितीत उच्चारलेले मी कामकाजाच्या प्रक्षेपणात स्वतः ऐकले आहे.

चेसापीककाठ यांचे उत्तर

मेरीलँडमधून लिहितो. आयोवाचे चित्र वाचून आमच्या कुमार बर्वे यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. १९९० साली ते येथील कनिष्ठ सभागृहावर निवडून आले, आणि अमेरिकेतील राज्य विधिमंडळावर निवडून आलेले ते भारतीय वंशाचे पहिले सदस्य. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा. रॉकव्हिल आणि गेथर्सबर्ग या भागातील १७ व्या मतदारसंघातून ते सलग आठ वेळा निवडून आले. येथे दोन्ही सभागृहांची मुदत चार वर्षांची आहे, म्हणजे एकाच जागेवर बत्तीस वर्षे. २००३ पासून बारा वर्षे ते बहुमतातील पक्षाचे सभागृह नेते होते, आणि त्यानंतर पर्यावरण व वाहतूक समितीचे अध्यक्ष.

येथील अधिवेशन अवघे नव्वद दिवसांचे. बर्वे व्यवसायाने लेखापाल, आणि उरलेले नऊ महिने ते आपली नोकरी करीत. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा ते विश्वास ठेवत नाहीत: सभागृह नेता, आणि नोकरी करतो?

समिती अध्यक्षपदाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मंत्रिपदाच्या जवळ जाणारे येथे काही असेल तर ते हेच. आमच्या १४१ जणांच्या सभागृहात प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते. कोणीही नागरिक नाव नोंदवून समितीसमोर दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. सुनावणीनंतर विधेयक मतदानाला कधी घ्यायचे, किंवा घ्यायचेच नाही, हे बहुतांशी अध्यक्षाच्या हातात असते. एका घरगुती सांडपाण्याच्या विधेयकावर मी त्या समितीसमोर बोललो आहे. माझा क्रमांक लागेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजले होते, समोरच्या सदस्यांपुढे कोरडे सँडविच होते, आणि तरीही मला शोषखड्ड्याच्या खोलीविषयी नेमका प्रश्न विचारला गेला. २०२२ साली मेरीलँडने हरितगृह वायूंचे उत्सर्जन २००६ च्या तुलनेत २०३१ पर्यंत ६० टक्क्यांनी घटवण्याचा कायदा केला. अशा कायद्यांमागे कोणाचे तरी वीस-पंचवीस वर्षांचे विषयज्ञान असते, आणि ते त्या खोलीत साठते.

बर्वेंनी २०१६ साली केंद्रातील प्रतिनिधिगृहासाठी प्रयत्न केला. ती प्रायमरी जेमी रास्किन यांनी जिंकली, आणि बर्वे आपल्या जुन्या समितीत परत येऊन कामाला लागले. २०२३ च्या जानेवारीत ते विधिमंडळातून बाहेर पडले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर वेस मूर यांनी त्यांना वीज, वायू यांच्या दरांवर देखरेख करणाऱ्या राज्य आयोगावर नेमले. दांडेकर यांनाही २०११ साली आयोवाच्या अशाच मंडळावर नेमण्यात आले होते. दोन मराठी आडनावे, दोन राज्ये, आणि दोन्ही वाटा वीजदराच्या टेबलाशी पोचलेल्या. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही, कारण समित्यांत मुरलेल्या माणसाला राज्य जेथे वापरून घेते ती जागा बहुधा अशीच असते.

शनिवारपेठ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु त्यांतून असे चित्र उभे राहते की राज्याचा आमदार म्हणजे समितीत मान खाली घालून काम करणारा अल्पसंतुष्ट मनुष्य. ते अर्धेच खरे आहे. बराक ओबामा १९९७ ते २००४ इलिनॉयच्या वरिष्ठ सभागृहात होते. २००० साली त्यांनी केंद्रातील प्रतिनिधिगृहाचे सदस्य बॉबी रश यांच्याविरुद्ध प्रायमरी लढवली आणि सपाटून मार खाल्ला, तरी ते थांबले नाहीत. २००३ साली सभागृहातील बहुमत त्यांच्या पक्षाकडे आले, तेव्हा खुनाच्या गुन्ह्यांतील पोलिसी चौकशीचे चित्रमुद्रण बंधनकारक करणारा कायदा त्यांनी पोलीस संघटनांशी बोलून मंजूर करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी ते केंद्रीय सिनेटवर निवडून आले.

आपल्या जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले ठाणेदार १९७९ साली अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट आणि नंतर उद्योग करून त्यांनी २०१८ साली एकदम मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी लढवली. त्यात ते तिसरे आले. त्यानंतर २०२० साली डेट्रॉइटमधून राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, आणि एकाच मुदतीनंतर, २०२२ साली, थेट केंद्रातील प्रतिनिधिगृहात. येथे आमदारकी ही पायरीच होती, आणि त्यात गैर काही नाही.

राज्यागणिक नियमही इतके वेगळे आहेत की "अमेरिकेतील आमदार" असे एक माणूस समोर धरून बोलणेच धोक्याचे आहे. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांचा पगार वर्षाला १०० डॉलर. टेक्सासचे विधिमंडळ एरवी वर्षाआड, १४० दिवस भरते. नेब्रास्कात १९३७ पासून सभागृह एकच, तेही कागदोपत्री पक्षविरहित. कॅलिफोर्नियात मात्र हे पूर्णवेळ काम आहे, पगार लाख डॉलरच्या वर, आणि वरिष्ठ सभागृहाचा एकेक मतदारसंघ सुमारे दहा लाख लोकांचा. तेथे बारा वर्षांची कमाल मर्यादाही आहे, म्हणजे बर्वेंसारखी बत्तीस वर्षे तेथे कोणाला मिळणेच शक्य नाही. मॅडम, वर्गात हे आधी सांगावे.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. निमी मॅककॉनिग्ली यांच्याविषयीची चूक मी उद्याच्याच तासाला सुधारीन. एक शंका मात्र राहिली. २०११ साली दांडेकर डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार होत्या, आणि त्यांना मंडळावर नेमणारे गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड रिपब्लिकन. मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ असताना त्यांनी जागा सोडली. आपल्याकडे याला सरळ फोडाफोडी म्हटले असते. तिकडे ते कसे घेतले गेले?

मक्याच्या_देशात

त्या वेळी येथेही पुष्कळांनी तोच शब्द वापरला, आणि मी स्वतःही रागावलो होतो. कारण आकडे असे होते: वरिष्ठ सभागृहात डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४. दांडेकरांची जागा गेली असती तर २५-२५ झाले असते. कनिष्ठ सभागृह आणि गव्हर्नर आधीच रिपब्लिकनांकडे होते. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती, आणि ती उलटवणारी घटनादुरुस्ती मतदानाला येऊ न देण्याचे काम बहुमताचे नेते माइक ग्रोन्स्टल याच एका जागेच्या जोरावर करीत होते. म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये राजीनामा आला, तेव्हा आमच्या या मका-सोयाबीनच्या जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले.

राग ओसरल्यावर मला दुसरी बाजूही दिसली. अशा तुटपुंज्या पगारावर जवळजवळ नऊ वर्षे काढलेल्या माणसाला, ज्या विषयात त्याने काम केले त्याच विषयातले पूर्णवेळ पद देऊ केले, तर ते पक्षाच्या बेरजेसाठी नाकारावे, अशी अपेक्षा धरणे कितपत योग्य? पुढे त्यांनी तेही पद सोडले, २०१४ साली केंद्रातील प्रतिनिधिगृहासाठी प्रायमरी लढवली, आयोवाचे माजी सभापती पॅट मर्फी यांच्याकडून हरल्या, आणि ओबामांनी नाव सुचवल्यावर २०१६ साली आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून मनिलाला गेल्या. मूळ प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हेही सांगा.

पोटनिवडणूक ८ नोव्हेंबरला झाली. त्या सात आठवड्यांत माझ्या दाराच्या मुठीला रोज एक-दोन पत्रके अडकवलेली असत, आणि संध्याकाळी जेवायला बसलो की फोन वाजे. डेमोक्रॅटिक उमेदवार लिझ मॅथिस पूर्वी स्थानिक दूरचित्रवाणीवर बातम्या देत, त्यामुळे घराघरात त्यांचा चेहरा ओळखीचा होता. त्या दिवशी मी कामावरून परस्पर मतदान केंद्रावर गेलो. बाहेर पडताना नोंदवहीशी बसलेल्या वृद्ध बाईंनी मला सांगितले की, पोटनिवडणुकीला एवढी रांग त्यांनी कधी पाहिली नव्हती. मॅथिस जिंकल्या. सभागृह २६-२४ राहिले, आणि ती घटनादुरुस्ती मतदानाला आलीच नाही.