स्यूअर्डची ग्लेशियर क्रूझ: चार तासांची की सहा?

नमस्कार मंडळी,

जुलैमधे आम्ही अलास्काला चाललोय. आम्ही दोघं, दोन मुलं (मोठा अकरा, धाकटी सहा) आणि भारतातून आलेले सासू-सासरे. मुक्काम अँकरेजला, त्यातला एक दिवस स्यूअर्डच्या क्रूझसाठी ठेवलाय. तिथे चारेक तासांची बोट आहे आणि सहा तासांची पण. सासूबाईंना बोट लागेल आणि धाकटी कंटाळेल म्हणून छोटीच घ्यावी असं घरात चाललंय. कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, या आठवड्यात बुकिंग करायचंय.

---

> छोटीच घ्यावी असं घरात चाललंय

ताई, सहा तासांचीच घ्या. आम्ही मागच्या उन्हाळ्यात आईबाबांना घेऊन गेलो होतो म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

छोटी बोट रेझरेक्शन बेमधेच फिरवून आणते, ऑटर (समुद्री पाणमांजरं) दिसतात, सी लायन (सीलसारखे मोठे प्राणी) दिसतात, नशिबात असेल तर व्हेलसुद्धा, पण थेट समुद्रात उतरणारा ग्लेशियर त्या खाडीत नाहीच. त्यासाठी खाडीतून बाहेर पडून, टोकाला वळसा घालून पलीकडच्या आयॅलिक बेमधे जावं लागतं आणि तिथे होलगेट किंवा आयॅलिक ग्लेशियरपर्यंत मोठ्याच बोटी जातात. तुमच्या बोटीचा मार्ग कुठपर्यंत आहे ते बुकिंगच्या आधी नीट वाचा, फोटो सगळ्यांच्याच जाहिरातीत ग्लेशियरचे असतात.

बोट लागते ती मधल्या उघड्या समुद्राच्या पट्ट्यात, तिथे गल्फ ऑफ अलास्काच्या लाटा सरळ अंगावर येतात. खाडीत आणि ग्लेशियरसमोर पाणी बरंच शांत असतं. गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची, आणि सासूबाईंना बीपी वगैरेच्या गोळ्या चालू असतील तर कुठली चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बसायला खालचा मजला, मधे किंवा मागच्या बाजूला, नजर लांब क्षितिजावर. रिकाम्या पोटी नेऊ नका, आमच्या आईने सकाळी थोडी सुकी पोळी खाल्ली आणि आलेपाकाची वडी चघळत बसली, तिला काही झालं नाही.

आता धाकटीच्या कंटाळ्याचं. बंदरातून बाहेर पडता पडताच ऑटर पाठीवर पडून अंग घासत बसलेले दिसतात, आमच्या मुलीने विचारलं हा सारखी आंघोळ का करतोय, तर कॅप्टनने माइकवर सांगितलं की बाकी समुद्री प्राण्यांसारखा चरबीचा थर याच्या अंगात नसतो, थंडीपासून वाचवते ती फक्त फर, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस, आणि त्यात हवा धरून ठेवायची तर ती सतत विंचरावी लागते. फरला तेल लागलं की ती हवा राहात नाही आणि प्राणी गारठून मरतो. 1989 साली एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा हजारो ऑटर मेले, ते तेल वाहत या किनाऱ्यापर्यंतही आलं होतं. हे ऐकल्यावर माझी मुलगी प्रत्येक ऑटरला हात हलवत होती.

पुढे चिझवेल बेटांजवळ खडकांवर स्टेलर सी लायन पसरलेले असतात, वास आधी येतो आणि डरकाळ्या मागून! तिथेच पफिन. दोन्ही जाती बघा, पांढऱ्या छातीचा हॉर्न्ड आणि अंगाने काळा, डोळ्यांमागे पिवळे तुरे असलेला टफ्टेड. पिल्लं वाढवायचे उन्हाळ्याचे महिने सोडले तर हे पक्षी जमिनीवर येतच नाहीत, म्हणजे तुमचा जुलै अगदी बरोबर. दुर्बीण मात्र माणशी एक न्या, एकीवरून भांडणं होतात.

आणि ग्लेशियर. जवळ जाताना पाण्याचा रंग बदलतो, बर्फाने दगड दळून केलेली पिठी पाण्यात मिसळलेली असते म्हणून ते दुधाळ हिरवं दिसतं. कॅप्टन इंजिन बंद करतो. तेव्हा सगळ्यांना डेकवर न्या, सासूबाईंनाही, हाताला धरून न्या. बोटीभोवती तरंगणाऱ्या बर्फातून बारीक तडतड ऐकू येते, जुन्या बर्फात अडकलेली हवा सुटत असते. मग समोरच्या निळ्या भिंतीचा एक तुकडा सुटून पाण्यात पडताना दिसतो, आणि आवाज थोड्या वेळाने येतो, ढग फुटल्यासारखा. आपण अंतर ठेवून असतो म्हणून ही गंमत. बाबा कठडा धरून उभे होते, तुकडा पडला की माझ्याकडे वळून बघायचे, बोलत काहीच नव्हते. हे बघायला आणलं त्यांना, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. छोट्या बोटीत हे नाही, म्हणून एवढं लिहिलं.

---

ताईंच्या मेलशी शंभर टक्के सहमत, फक्त रस्त्याचं सांगतो. अँकरेजहून स्यूअर्ड साधारण 125 मैल, अडीच तास धरा. टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या काठाने रस्ता इतका सुंदर आहे की दर वळणावर थांबावंसं वाटतं, ते थांबणं परतीच्या वाटेवर करा, जुलैमधे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. आणि पाय चालत असतील तर संध्याकाळी एक्झिट ग्लेशियर बघाच, तो गाडीने गाठता येतो. वाटेवर सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवणाऱ्या. अकरा वर्षांच्या मुलाला त्या वाचत वाचत चालायला लावा, बर्फ किती मागे गेलाय ते त्याला आपोआप कळेल.

---

दोघांचेही मनापासून आभार! घरात मेल मोठ्याने वाचून दाखवली, सासूबाई स्वतःच म्हणाल्या मोठी बोट घे. एकच विचारायचंय, कपडे किती न्यायचे? सासरे म्हणतात जुलैत स्वेटर कशाला.

---

ताई, स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे, सगळ्यांना. ग्लेशियरवरून येणारं वारं बोचरं असतं आणि कानटोपी नसली की माणूस पाच मिनिटांत आत जाऊन बसतो. शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा.