कापडी डायपर की हायब्रिड? पावसात काहीच सुकत नाही, मदत हवी आहे

व्हाळाकाठची:

नमस्कार मंडळी. मुलगी साडेतीन महिन्यांची, वजन पावणेसहा किलो. घर देवगड तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून आत वाडीवर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १८० दिवसांची प्रसूती रजा गणपतीनंतर संपते आणि मग बाळ दिवसभर सासूबाईंकडे असेल. त्यांना संधिवात आहे, सकाळी बोटं मिटत नाहीत. हे आधीच सांगते, कारण जे काही घेऊ ते त्यांच्या हातांना जमलं पाहिजे.

सध्या दिवसा लंगोट-दुपटी आणि रात्री दुकानातला वापरून फेकायचा डायपर असं चाललंय. वैशाखात काही अडचण नव्हती. सकाळी दांडीवर टाकलेली दुपटी जेवणाआधी कडकडीत. मिरग लागला आणि सगळं बिनसलं. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, पाहुण्यांना वाकून आत यावं लागतं. तरी कालचं धुणं आज संध्याकाळी हाताला गारच लागतं, वर तो कुबट वास. लाईट गेली की पंखाही बंद. नवरा म्हणतो ड्रायर घेऊ. लाईट नसताना ड्रायरचं काय करायचं, ते काही तो सांगत नाही.

पुण्याची बहीण म्हणते शिवलेले कापडी डायपर घे, आत शोषणारे थर आणि बाहेर ओल न येऊ देणारं कापड असं सगळं एकत्र शिवलेलं असतं, चड्डीसारखं घालायचं. शाळेतली एक मैत्रीण म्हणते हायब्रिड घे. म्हणजे बाहेरचं कव्हर वेगळं, आतलं पॅड वेगळं. पॅड कापडाचं ठेवा, नाहीतर टाकून देण्याचं. एकेका शिवलेल्या डायपरची किंमत बघून आधी चष्मा पुसला. वीसेक घ्यायचे तर पगाराचा चांगला लचका जातो.

तर कोकणातल्या पावसाळ्यात यातलं खरोखर काय सुकतं? आणि हायब्रिडची टाकाऊ पॅड आमच्या पिनकोडला वेळेवर येतील याची खात्री नाही, मग हायब्रिड घेण्यात अर्थ आहे का? शहरातल्या मैत्रिणींनी कृपया बाल्कनीतल्या उन्हाचे दाखले देऊ नयेत.

खाडीपलीकडची:

मी रत्नागिरीची. दोन्ही मुलं ऐन पावसात लंगोटात होती, त्यामुळे यावर बोलायचा मला हक्क आहे असं समजते.

पावसाळ्यात एकच बघायचं, कापड किती जाड आहे. सगळे थर एकत्र शिवलेला डायपर (ऑल-इन-वन म्हणतात तो) सगळ्यात शेवटी सुकतो. वरून कोरडा वाटतो आणि मधली शिवण ओली असते. तो घालून बाळाला निजवलं की पुरळ ठरलेलं. पॉकेट डायपरला आत खिसा असतो, त्यातलं पॅड बाहेर काढता येतं, म्हणून तो थोडा बरा. पण बांबूच्या चार थरांचं पॅड तुमच्या पडवीत दीड दिवस लोंबकळेल. मायक्रोफायबर लवकर सुकतं, पण ते त्वचेला थेट लागू द्यायचं नसतं. ते ओलावा असा ओढतं की त्वचाच कोरडी पडून लाल होते. वर कापड असलंच पाहिजे. शिवाय बाळ बसलं, दाब आला की त्यातून पाणी बाहेर येतं.

म्हणून माझं मत हायब्रिडकडे, पण अर्धंच विकत घ्या. फक्त कव्हर. पॅडवर एक रुपया घालवू नका. ते तुमच्या घरात आहेच, दुपटी! चौकोनी एकेरी दुपट्याची घडी घालून लांब पट्टी करायची, कव्हरमध्ये पुढून मागे अशी ठेवायची, झालं. नुसती शू असेल तर पट्टी बदलायची, कव्हर आतून पुसून पुन्हा तेच. शी लागली तर मात्र कव्हरही धुवायला. सुकायला घालताना घडी उलगडली की पुन्हा एकेरी कापड, त्यामुळे शिवलेल्या कशाहीपेक्षा आधी सुकतं. कव्हर पातळ असतं, ओलं धरत नाही. पंख्याखाली काही तासांत तयार.

बाळाला दिवसातून आठेक वेळा बदलावं लागत असेल तर चार-पाच कव्हर आणि पंचवीस-तीस दुपटी पुरतात. सुकायला दोन दिवस लागतात असं धरूनच हा आकडा आहे. कव्हरच्या कापडाला आतून पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो, ते उकळत्या पाण्यात टाकायचं नाही, इस्त्री नाही, चुलीजवळ नाही. पायाची इलास्टिक जांघेच्या घडीत बसली पाहिजे, मांडीवर नाही. गळती होते ती बहुतेक तिथूनच, आणि लोक कापडाला नावं ठेवतात.

देवबागची आवस:

गो बाय, इतको विचार कित्याक करतंस? माझ्या सासूच्या जुन्या लुगड्याचे तुकडे करून झिलांका वाढवलंय. जुना सुती कापड नव्यापेक्षा बेगीन सुकता आणि पाणीय बरा ओढता. शेगडीत निखारे घेवचे, ज्वाळ नको. वर बांबूची पाटी पालथी घालून लंगोट पसरायचे. वायच ओवो टाकलंस तर वासव जाता. माणूस मात्र बाजूक बसाक होयो. आणि तां प्लास्टिकचा कव्हर थंय न्हेव नको, वितळात.

व्हाळाकाठची:

@खाडीपलीकडची, किती धन्यवाद देऊ! "अर्धंच विकत घ्या" हे कुठल्याच विक्रीच्या पानावर लिहिलेलं नव्हतं, आणि का नव्हतं तेही कळलं.

@देवबागची आवस, मावशी, पाटी माळ्यावर आहे, आजच काढते. सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "बघ, मी काय सांगत होते."

अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आम्ही बाळाला रोज खोबरेल लावतो, कापड तेलकट होतं. आणि आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असं की पांढरं दुपटं थोड्याच दिवसांत तांबूस दिसतं. ब्लीच चालेल का?

पांढरा डबा:

ब्लीच नको. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनचं ब्लीच त्याचा गंज करून तो कापडातच बसवतं, डाग आणखी गडद होतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक अॅसिड पाण्यात घालून दुपटी भिजवा आणि नंतर स्वच्छ खळबळून काढा. तसंही डाग म्हणजे घाण नव्हे. स्वच्छ धुतलेलं तांबूस दुपटं बाळाला काही करत नाही.

मी परिचारिका आहे, लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं. थोडं अधिक लिहिते, राग मानू नका.

तेलाचा थर कापडावर बसला की ते पाणी शोषत नाही, वरून ओघळतं. झिंक ऑक्साईडच्या मलमाचंही तेच. आंघोळीआधीच तेल लावा, आंघोळीनंतर डायपरच्या जागी नको. मलम लावायचंच असेल तर मधे जुन्या मलमलीची पट्टी ठेवा, ती वेगळी धुवा. फॅब्रिक सॉफ्टनरनेही शोषण कमी होतं, तो बाळाच्या कपड्यांना वापरूच नका. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं बूच ओतायची सवय घरोघरी आहे. त्याचा अंश कापडात राहतो आणि नाजूक त्वचा चिडते. साबण नीट निघेपर्यंत खळबळणं हेच खरं काम. नवं सुती कापड असेल तर वापरण्याआधी ते चार-पाचदा धुवा, तेव्हा कुठे ते नीट शोषायला लागतं.

पुरळाचं कारण कापडी की टाकाऊ यापेक्षा ओल किती वेळ राहिली हे असतं. शू-शी एकत्र राहिली की त्वचा जास्त सोलवटते. साधं पुरळ उघडं ठेवलं आणि वेळेवर बदललं की दोन-तीन दिवसांत उतरतं. पण जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि त्याच्या कडेला सुटे सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं. पावसाळ्यात हे फार. त्यावर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा. टाल्कम पावडर नकोच, ती श्वासातून आत जाते.

शेगडीबद्दल मावशींशी मी अर्धी सहमत आहे. कपडे सुकवा, पण बाळ त्या खोलीत नको आणि दारं-खिडक्या बंद करून तर अजिबात नको. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही. थोडीशी ओल उरली असेल तर दुपट्यांवर इस्त्री फिरवणं सोपं.

ठाणेकर बाबा:

एवढा उपद्व्याप कशासाठी? आमच्या दोन्ही मुलांना सरळ बाजारातले डायपर वापरले, मुलं ठणठणीत आहेत. धुण्याचं पाणी, साबण, वीज धरली तर पर्यावरणाच्या दृष्टीनेही फार फरक नाही, असा इंग्लंडच्या सरकारी खात्याचा अहवालच आहे.

खाडीपलीकडची:

अहवाल आहे, पण पुरता वाचा. २००८ साली ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. टाकाऊ डायपरचा कर्बभार (हवेत जाणारा कार्बन) साधारण ५५० किलो, धुण्याच्या कापडीचा ५७०. त्याच अहवालात पुढे म्हटलंय की कपडे दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडीचा भार बराच खाली येतो, जवळपास ४० टक्के. आणि हा हिशेब तिकडच्या मशीनचा, तिकडच्या ड्रायरचा. आमच्या पडवीत ड्रायर नाही हो.

व्हाळाकाठची:

बाबा, तुमचं म्हणणं मला पटलं असतं, पण एक सांगा, तुम्ही ते डायपर टाकत कुठे होतात? सोसायटीच्या डब्यात ना? आमच्याकडे घंटागाडी येत नाही. घनकचऱ्याच्या नियमांत डायपर नीट गुंडाळून द्या असं लिहिलंय. द्या, पण कुणाकडे? वाडीतले काही जण व्हाळात टाकतात, पहिल्या मोठ्या पावसात ते खाडीत जातात. जाळले तर प्लास्टिकचा धूर. पुरले तर आतली ती जेल काही कुजत नाही, आणि कुत्री उकरतात ते वेगळंच. रात्रीचा एक डायपर वापरते त्याचंच काय करायचं हे मला कळत नाही, दिवसाचे सात-आठ कुठे नेऊ?

हायब्रिडची टाकाऊ पॅड याच कारणाने माझ्या यादीतून गेली. काही पाकिटांवर संडासात टाकून पाणी सोडा असंही लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या शोषखड्ड्याला ते झेपणार नाही.

किरातपेठ:

आमच्या वेंगुर्ल्यात नगरपरिषद घरोघरचा कचरा वेगवेगळा करून नेते, त्यामुळे शहरात हा प्रश्न कमी. पण तालुक्याच्या गावांत तीच कथा. माझी वहिनी रात्रीचे डायपर गुंडाळून गोणीत जमवते आणि आठवड्याच्या बाजाराला भाऊ येतो तेव्हा शहरातल्या गाडीत देतो. आदर्श व्यवस्था नाही, पण व्हाळात जात नाही एवढं खरं.

कातळावरची:

सगळे पावसाचं बोलताय, मे महिन्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एप्रिलपासून विहीर तळाला जाते, मग टँकरची वाट बघायची. तेव्हा ऊन भरपूर आणि धुवायला पाणी नाही! तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यांची ही गंमत आहे. ताई, तुमच्या विहिरीला मे अखेर पाणी असतं का ते आधी बघा. नसेल तर शिवलेल्या डायपरवर पैसे अडकवू नकाच, ते खळबळायला दुपट्यांपेक्षा किती तरी जास्त पाणी पितात. दुपटी बादलीभर पाण्यात होतात, आणि साबण लावण्याआधीचं पहिलं पाणी माडाच्या मुळात ओतता येतं.

बाळ वरचं खायला लागलं की शी घट्ट होते. मग ती आधी संडासात झटकून टाकायची, पाणी वाचतं. सध्या नुसत्या अंगावरच्या दुधावर असेल तर पाण्याने सहज निघते, तोवर चिंता नाही. आणि टंचाईचे ते पंधरा-वीस दिवस टाकाऊ वापरले तर कुणी फाशी देत नाही.

व्हाळाकाठची:

आमची विहीर मे अखेर पुरते, पण उपसा सांभाळूनच. हे डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत.

तर ठरलं ते असं. शिवलेले कापडी घेत नाही. आधी दोनच कव्हर मागवते, बसतात का बघून मग आणखी दोन-तीन. आत घरची दुपटी, आणि सासूबाईंच्या जुन्या पातळांतून आणखी काढू. त्यांनीच ट्रंक उघडून दिली, दोन पातळं मात्र परत आत ठेवली. रात्री सध्या टाकाऊ एकच, कारण रात्रभर पुरेल एवढी जाड घडी या हवेत सुकणार नाही. पाऊस गेला की रात्रीचंही कापडावर आणून बघेन. गोणीची युक्ती नवऱ्याला सांगितली आहे, तो शनिवारी देवगडला जातोच.

शेवटचा प्रश्न. कव्हरला टिचबटणं घेऊ की वेल्क्रो? टिचबटणं दाबायला सासूबाईंच्या बोटांत जोर नाही. पण वेल्क्रो लवकर खराब होतं असं सगळीकडे लिहिलंय.

खाडीपलीकडची:

डोळे मिटून वेल्क्रो. धुताना पट्ट्या आतल्या बाजूला चिकटवून बंद करा, म्हणजे दुपट्यांचे धागे ओढले जात नाहीत आणि त्यात लव साठत नाही. साठलीच तर जुन्या दातांच्या ब्रशने काढा. वर्षभराने पकड सैल झाली तर शिंपी नवी पट्टी लावून देतो. बाळ मोठं झालं की स्वतःच ओढून काढायला शिकतं, तेव्हा टिचबटणांचं बघा. आणि मागवताना पोटाचा आणि मांडीचा घेर टेपने मोजून घ्या, नुसत्या वजनावर जाऊ नका. एकाच वजनाच्या मुलांच्या मांड्या सारख्या नसतात.

व्हाळाकाठची:

मोजल्या. मांड्या चांगल्याच भरल्या आहेत. मधला आकार मागवतेय, कव्हर आलं की इथेच लिहीन.