रिमोटांचा पसारा आवरायला आयआर हब घ्यावा का? (नाशिक, घरी आईबाबा असतात)

द्राक्षवेल
मंडळी सल्ला हवाय. इंदिरानगरला फ्लॅट आहे, मी आणि मिस्टर दोघंही सातपूरला नोकरीला, दिवसभर घरी सासूसासरे. हॉलमध्ये टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, फायर स्टिक, एसी आणि रिमोटवाला बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा. बेडरूममध्ये जुना एसी आणि अजून एक बीएलडीसी पंखा, दुसऱ्या कंपनीचा. सगळ्यांचे रिमोट एका टोपलीत असतात आणि सासूबाई सिरीयलच्या वेळेला त्यातला नेमका चुकीचा उचलतात, मग टीव्ही भलत्याच एचडीएमआयवर जातो आणि मला ऑफिसात फोन येतो की "अगं निळा पडदा आलाय". आता ते गोल काळं डबडं मिळतं ना, युनिव्हर्सल आयआर हब, म्हणजे सगळ्या रिमोटांची नक्कल करणारं, मोबाईलवरून सगळं चालतं म्हणतात, ते घ्यावं का? एप्रिल-मे मध्ये घरी पोचायच्या आधी एसी लावता आला तर तो बोनस. अलेक्सा घरी आहे. बजेट दोन-तीन हजार, फार डोकं चालवावं लागू नये.

खटपट्या
घ्या, पण आधी टोपली रिकामी करा. प्रत्येक रिमोटचं तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो इन्फ्रारेड म्हणजेच आयआर, हब त्याची नक्कल करू शकतो. नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला आयआर फिल्टर असतो त्यामुळे तिथे काहीच दिसत नाही. आणि तरीही नाही दिसला (सेल आधी बदलून बघा हो) तर तो रिमोट ब्लूटूथ नाहीतर रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालतोय, आणि साधा आयआर हब त्याच्यासमोर मुका. तुमची फायर स्टिक त्यातलीच. तिच्या रिमोटवर टीव्हीचा आवाज नि पॉवर आयआरने जाते म्हणून लोक फसतात, त्या बटणांना ठिपका दिसतो पण स्टिकचा मेनू हलवणारी बटणं आयआर नाहीत.

गंगापूररोडकर
खटपट्या +१. त्यात भर म्हणजे वायफाय. हे बहुतेक हब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि हल्लीच्या फायबरवाल्या राउटरला दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलेलं असतं, मग सेटअप करताना फोन ५ वर आणि हब २.४ वर शोधतंय असं होऊन ते जोडलंच जात नाही, लोक डबडं खराब म्हणून परत पाठवतात. राउटरमध्ये जाऊन २.४ चं वेगळं नाव द्या, सेटअपपुरतं दिलं तरी पुष्कळदा भागतं. राउटरमध्ये वायफायची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ वर असेल तर तीही डब्ल्यूपीए२ वर आणावी लागेल.
दुसरं, हबला करंट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, बऱ्याच टीव्हीत टीव्ही बंद झाला की यूएसबीही बंद होतं, मग टीव्ही चालू करायला हबच जिवंत नसतो. जुना मोबाईल चार्जर वापरा. आणि इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि हब दोन्ही त्यावर घ्या, उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि लाइट आल्यावर राउटर उठेपर्यंत हब बावचळलेलं असतं.

ऑनलाइन_मावशी
मी जरा वेगळं बोलते. सासूबाईंचं वय झालेलं, त्यांच्या हातात मोबाईल अ‍ॅप देऊन त्यात टीव्हीचं चित्र, त्यात बटणं, तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज येतो आणि अ‍ॅप गेलं मागे. त्यांना खरं तर दोन बटणं हवी आहेत, चालू आणि आवाज. त्यासाठी हब नकोच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (एचडीएमआयच्या वायरीतून एका उपकरणाने दुसरं चालवायची सोय) शोधा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, ते चालू करा, साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय भोकात लावा. मग टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो, टीव्हीबरोबर साउंडबारही बंद होतो. एक रुपया खर्च नाही आणि टोपलीतला एक रिमोट कपाटात गेला. सेट टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटना टीव्हीची पॉवर आणि आवाज शिकवता येतो, ते करून द्या. झालं, एकाच रिमोटवर सिरीयल.
हब तुमच्यासाठी घ्या, एसीसाठी.

द्राक्षवेल
मावशी एकदम पटलं, सीईसी सापडलं आणि चालू केलं, साउंडबारचा रिमोट गेला कपाटात, सासरे खूश.
कॅमेऱ्याने बघितलं. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, दोन्ही एसी ठिपका देतात. हॉलचा पंखा देतो, बेडरूमचा देत नाही, नवीन सेल घालूनही नाही. आता प्रश्न असा की बेडरूमचा एसी इतका जुना आहे की त्याची कंपनीच आता दिसत नाही कुठे, तो हबच्या लिस्टमध्ये नसला तर?

सोल्डरिंगवाला
एसीचं जरा नीट सांगतो, कारण इथेच सगळे अडकतात.
टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक छोटा कोड पाठवतो, आवाज वाढव म्हणजे वाढव, बास. एसीच्या रिमोटचं तसं नसतं. तुम्ही नुसतं तापमान २५ वरून २४ केलं तरी तो रिमोट पूर्ण चिठ्ठी पाठवतो: चालू, कूलिंग, २४, पंखा मध्यम, स्विंग बंद, टायमर नाही, सगळं एकदम. म्हणून तर रिमोटला स्क्रीन असते, एसीची स्थिती रिमोटच लक्षात ठेवतो. एसी काही उलट कळवत नाही, आयआर हा एकतर्फी कारभार आहे.
यातून दोन गोष्टी निघतात. तुमचा एसी लिस्टमध्ये सापडला तर सोनं, अ‍ॅपच पूर्ण चिठ्ठी बनवून पाठवतं आणि सगळी तापमानं चालतात. एकाच कंपनीखाली दहा-पंधरा मॉडेल दाखवतं, एकेक ट्राय करत बसा, नुसता एसी चालू झाला म्हणून खूश होऊ नका, मोड आणि पंख्याचा वेगही बदलतोय का बघा. कंपनी दिसत नसली तरी दुसऱ्या कंपन्यांचे कोड चालवून बघा, पुष्कळ एसी आतून एकाच कारखान्याच्या कंट्रोल बोर्डचे असतात.
नाहीच सापडला तर लर्निंग, म्हणजे मूळ रिमोटचा सिग्नल हबला शिकवणं. पण तिथे "तापमान वाढव" असं बटण शिकवायला जाऊ नका, ते शिकत नाही, त्या क्षणाची आख्खी चिठ्ठी शिकतं. मूळ रिमोटवर आधी २४, कूल, पंखा कमी असं सेट करायचं आणि मग ती अवस्था "रात्री २४" नावाने शिकवायची. तसंच "२६", "दुपार जोरात" आणि "बंद". चार बटणं पुरतात, खरं सांगायचं तर घरात तेवढीच वापरली जातात. शिकवताना रिमोट हबपासून वीतभर अंतरावर धरा आणि बटण पटकन दाबून सोडा.

गंगापूररोडकर
हे एकतर्फीचं प्रकरण टीव्हीला जास्त चावतं. टीव्हीचं पॉवर बटण एकच, दाबलं की चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. अलेक्सात "गुड नाईट" चं रूटीन बनवून त्यात टीव्ही बंद टाकला आणि सासऱ्यांनी तो आधीच हाताने बंद केला असेल तर रात्री अकराला टीव्ही चालू होऊन बातम्या सुरू. म्हणून रूटीनमध्ये एसी घाला, टीव्ही नको.

नाशिकरोडचा_पप्पू
अवांतर: कुणाकडे रेडमीचा फोन असेल तर वरच्या कडेला बारीक काळा ठिपका आहे का बघा, बऱ्याच मॉडेलना आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारा दिवा) असतो आणि रिमोटचं अ‍ॅपही त्यातच. हब घ्यायच्या आधी फुकटात एसीचा कोड सापडतो का ते कळेल. बाहेरून एसी लावायला मात्र उपयोग नाही. (आमच्याकडे एका लग्नात हॉलवाल्याचा एसी असाच आम्ही १८ वर नेला होता, आचारी सोडून सगळे गारठले.)

द्राक्षवेल
पप्पू 😄 सासऱ्यांचा रेडमीच आहे, आज बघते.
सोल्डरिंगवाला, चिठ्ठीचं समजलं, धन्यवाद. मग बाहेरून एसी चालू केला तर तो खरंच चालू झाला हे कळणार कसं? आणि बेडरूमच्या पंख्याचं काय?

सोल्डरिंगवाला
अ‍ॅपमध्ये "चालू" दिसतं त्याचा अर्थ हबने ओरडून सांगितलं एवढाच, एसीने ऐकलं का ते हबला माहीत नाही. उपाय म्हणजे तापमान सेन्सर असलेलं हब घ्या, किंवा खोलीत वेगळा सेन्सर. एप्रिलात दुपारी खोली ३४ दाखवत असेल आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा खाली यायला लागला तर एसी चालू. काही लोक १६ अँपिअरचा वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावतात, वॅटवरून लगेच कळतं, पण त्या प्लगने एसी बंद करायचा नाही, कॉम्प्रेसर चालू असताना खाड्कन सप्लाय तोडणं बरं नव्हे. बंद आयआरनेच करायचा.
पंखा रेडिओवाला दिसतोय. ४३३ मेगाहर्ट्झचा असेल तर आयआर आणि आरएफ (रेडिओ) दोन्ही असलेलं हब चालू शकतं, ब्रॉडलिंकचं आरएम४ प्रो त्यातलं, आरएम४ मिनी नुसतं आयआर. पण पंख्याचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवाला निघाला तर प्रोही कामाचं नाही. एका पंख्यासाठी तेवढे पैसे घालू नका, भिंतीवरचं बटण आहे की.

खटपट्या
आणि एक हब दोन खोल्यांना पुरणार नाही हे लक्षात घ्या, आयआर भिंतीतून जात नाही. खोलीत पांढऱ्या भिंतीवर आदळून पोचतं, पण लाकडी शोकेसच्या दारामागे ठेवलं तर संपलं. एसी, टीव्ही दोन्ही दिसतील अशा उघड्या जागी ठेवा. साधं आयआरवालं हजार-दीड हजारात येतं, तुमच्या बजेटात दोन बसतील. तुया (अनेक कंपन्यांची स्मार्ट उपकरणं ज्यावर चालतात तो) प्लॅटफॉर्मवरचं घेतलंत तर स्मार्ट लाइफ अ‍ॅपमध्ये चालतं आणि अलेक्साला जोडता येतं, फक्त इंटरनेट गेलं की आवाजाने चालवणं बंद.

ऑनलाइन_मावशी
अलेक्सा मराठी समजत नाही हो अजून, हिंदी किंवा इंग्रजी. एसीला नाव देताना "हॉल एसी", "बेडरूम एसी" असं सरळ द्या, "आईंचा एसी" दिलंत तर ती विचारत बसेल.

द्राक्षवेल
ठरलं मग. आधी एकच घेते, बेडरूमच्या जुन्या एसीसाठी, तापमान सेन्सरवालं. तो चालला तर हॉलला दुसरं. एमजी रोडला मिळेल का ऑनलाइनच मागवू?

गंगापूररोडकर
ऑनलाइन मागवा, आणि परत करायची मुदत बघून. जुन्या एसीचा कोड चालतो की नाही हे घरी लावल्याशिवाय कळत नाही, दुकानात परत करताना वाद घालत बसावं लागेल. आलं की पहिल्याच दिवशी चारही बटणं शिकवून बघा.