शेजारची ऊती 'निरोगी' धरण्याबाबत

अर्बुदाशेजारची (म्हणजे कर्करोगाच्या गाठीलगतची) ऊती निरोगी धरून तिच्याशी तुलना केली, की अन्ननलिकेच्या कर्करोगातले सर्वांत आधीचे जनुकीय बदल हाती लागतील, असा एक दावा केला जातो. माझी शंका त्या 'निरोगी' शब्दावर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसणाऱ्या अस्तरातही उत्परिवर्तने (पेशींच्या जनुकांत आयुष्यात घडलेले बदल) असू शकतात आणि ती अर्बुदातही असतील, तर अशा तुलनेत नेमके आरंभीचे बदलच वजा होऊन जातात. म्हणून तुलनेसाठी त्याच व्यक्तीच्या रक्ताचा नमुना सोबत घेणे आवश्यक ठरते (वयस्कर व्यक्तींत रक्तपेशींतही काही उत्परिवर्तने असतात, हा भाग वेगळा).

२०१८ मध्ये इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या संशोधकांनी २० ते ७५ वयाच्या नऊ दात्यांच्या निरोगी अन्ननलिकेचे ८४४ सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा वाढत्या वयाबरोबर उत्परिवर्तित पेशींच्या वसाहतींनी अस्तराचा बराच भाग व्यापलेला आढळला. 'नॉच१' जनुकातील बदल तर पट्टकी पेशींच्या (अन्ननलिकेच्या अस्तरातील चपट्या पेशींच्या) कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक प्रमाणात दिसले. त्यामुळे ते सापडणे ही धोक्याची खूण मानता येत नाही. 'टीपी५३' या कर्करोगाला आळा घालणाऱ्या जनुकाचे उत्परिवर्तनही निरोगी अस्तरात भेटते, परंतु तिथे जनुकाच्या दोन प्रतींपैकी बहुधा एकच बिघडलेली असते. दुसरी प्रतही गमावलेली आहे का आणि गुणसूत्रांच्या तुकड्यांची संख्या बदलली आहे का, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

बॅरेट अन्ननलिकेतून (जठरातील आम्ल वर येत राहिल्याने अस्तर बदललेल्या अन्ननलिकेतून) उद्भवणाऱ्या ग्रंथी-कर्करोगाचा मार्ग निराळा असल्याने हे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावू नयेत.