मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करून घेतल्याने काय कळतं?

लीड_बावधन:
हिंजवडीत आमची भरती चालू आहे. उमेदवार भूमकर चौकात तासभर सडून येतो, बोर्डावर लिंक्ड लिस्ट (एकाला एक जोडलेली माहितीची साखळी) उलटी करून दाखवतो, पॅनेल खूश. रुजू झाल्यावर कळतं, दुसऱ्याचा कोड वाचायचा म्हटला की गडी गार. माझं मत सरळ आहे, कोड्यांचे राउंड बंद करा. आपल्याच कोडमधला जुना, आधीच सोडवलेला बग (चूक) द्या आणि दोन तास शेजारी बसा. तो लॉग (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदी) उघडतो का, काही विचारतो का, की आधी कोडच बदलत सुटतो, ते बघा. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. निवड आणि पुढचं काम तंतोतंत जुळलं तर १ धरायचा. त्यात कामाचा प्रत्यक्ष नमुना ०.५४ वर होता, अनुभवाची वर्षं ०.१८ वर. तरी आपल्या जाहिरातीत 'किमान ५ वर्षे' आहेच.

एचआर_खराडी:
आकडा जुना झाला, सर. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तोच हिशेब पुन्हा तपासला. आधीच्या संख्याशास्त्रीय दुरुस्त्यांनी आकडे फुगले होते, असं त्यांचं म्हणणं. कामाचा नमुना ०.३३ वर आला, आणि सगळ्यांना तेच प्रश्न, तीच गुणपद्धत असलेली मुलाखत ०.४२ घेऊन पहिली आली. शिवाय दोन तास बसणार कोण? तुमचे सीनियर रेझ्युमे उमेदवारासमोरच पहिल्यांदा उघडतात. आणि कॅम्पसला शेकडो पोरं असतात, तिथे ऑनलाइन टेस्टला पर्याय नाही.

लीड_बावधन:
मग सगळ्यांना तोच बग द्या, तीच गुणपद्धत लावा. झालं की!

बाणेरचा_मालक:
निवडीचं सोडा हो. आमची कंपनी छोटी. सी-डॅक या सरकारी संस्थेचा कोर्स केलेला पोरगा घेतला तरी आमचं डोमेन शिकवावंच लागतं. शिकला की मोठ्या कंपनीत पळतो. म्हणून बाँड, मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका बँकेचा २ लाखांचा बाँड उचलून धरलाय.

जावा_धायरी:
ती बँक सरकारी होती, काका. जाहिरात काढून सगळी भरती पुन्हा करायचा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. तुमच्याकडे शिकवणं म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी दोन आठवडे पीपीटी, मग सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी. बाँडने माणूस खुर्चीत राहतो, कामात नाही. माझ्या पहिल्या कंपनीत पुल रिक्वेस्टवर, म्हणजे रिव्ह्यूसाठी टाकलेल्या कोडवर, 'एलजीटीएम'पलीकडे ('ठीक दिसतंय') कोणी एक ओळ लिहायचं नाही. शुक्रवारी पिझ्झा मात्र न चुकता.

बाणेरचा_मालक:
म्हणजे रिव्ह्यूसाठी सोडलीस? पगारवाढ किती घेतलीस ते पण सांग की.

जावा_धायरी:
घसघशीत घेतली, लपवायचंय काय त्यात. पण माझ्या जागी आलेल्याला जुन्या कंपनीने जवळपास तेवढाच पगार दिला. मला द्यायला 'बजेट नव्हतं'.

एचआर_खराडी:
हे सगळीकडे चालतं. भरतीचं बजेट वेगळं, वाढीचं वेगळं, आणि दोन्ही फायनान्सच्या हातात. शिव्या मात्र आम्हाला. पण कोड रिव्ह्यूला कुठलं बजेट लागतं? ते लीड लोकांनी बघावं.

लीड_बावधन:
लागतं. वेळ लागतो, आणि स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या कामाच्या आखणीत, तो कोणी धरतच नाही. मी आता टीमच्या अंदाजातच रिव्ह्यू आणि शिकवण्याचे तास घालतो. मॅनेजर कुरकुरतो, कुरकुरू दे. नव्या पोराला पहिल्या महिन्यात छोटा का होईना, प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात जाणारा बदल देतो. त्याने जेवढा हुरूप येतो तेवढा टाउनहॉलच्या भाषणाने येत नाही.

बाणेरचा_मालक:
त्या तासांचे पैसे क्लायंट देत नाही हो, ते माझ्या खिशातून जातात. असो. बगवाली परीक्षा पुढच्या भरतीत करून बघतो. फक्त एक सांगा, उमेदवाराला एआय वापरू द्यायचं का?

लीड_बावधन:
द्यायचं. कामावर तो वापरणारच आहे. एआयने ठोकून चुकीचं उत्तर दिलं की पोरगं कुठे थांबतं, तेच तर बघायचंय.